अक्काचा सराव

माझा टायपिंगचा क्लास आहे. जळगावजवळ पिंप्राळ्यात, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. इतकी वर्षं मी एकच गोष्ट शिकवत आले: बोटांना रोज कामाला लावलं की बोटं शिकतात. हुशार मुलगी सराव सोडते आणि नापास होते, मठ्ठ मुलगी रोज येते आणि पास होते. म्हणून अक्का विसरायला लागली तेव्हा मी रडत बसले नाही. मी वेळापत्रक केलं.

अक्का माझी थोरली बहीण. मी जन्मले तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं. आई गेली तेव्हा मी जेमतेम चालायला शिकले होते. वडिलांना मला सांभाळणं जमेना, तर अक्का मला कडेवर घेऊन शिंदखेड्याला आपल्या सासरी आली. सासूनं दारातच विचारलं, "हाई पोर बी लगीनमा येणारी व्हती का?" अक्का म्हणाली, "हां, जरा उशीर व्हयना." हे मला पुढे तिच्या जावेनं सांगितलं. अक्का स्वतःहून काही सांगणाऱ्यांतली नव्हती.

मी मॅट्रिक होईपर्यंत त्याच घरात वाढले. अक्काचा मुलगा माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. तो मला मावशी म्हणतो, पण आम्ही एका ताटात जेवलो आणि एका चटईसाठी भांडलो, त्यामुळे मावशीपणाचा मान त्यानं कधी ठेवला नाही. आता तो पुण्याला असतो.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याचा फोन आला. शिंदखेड्याच्या शेजारणीनं त्याला कळवलं होतं. अक्काच्या गल्लीत दरवर्षी बायका मिळून ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे वाळवणाचे पापड, करतात. पीठ भिजवायचं, आंबवायचं, शिजवायचं आणि गच्चीवर ओल्या कापडावर थापायचं. हे सगळं अक्काच्या हाताखाली चालायचं. मीठ तीच घालायची, दुसरीला हात लावू द्यायची नाही. त्या वर्षी तिनं मीठ दोनदा घातलं. बायका हसल्या, चालायचंच म्हणाल्या. मग थापायला बसायच्या वेळी अक्का गच्चीत नुसती उभी राहिली. कापड अंथरलेलं, पिठाचा गंज समोर. शेजारणीला तिनं विचारलं, "हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही बठ्ठा?"

मुलगा येऊन तिला जळगावला घेऊन आला. डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर चांगले होते, वेळ देऊन बोलले. कान तपासा म्हणाले, ऐकू कमी आलं की डोकं लवकर थकतं. साखर ताब्यात ठेवा. रोज चालवा, पुरेसं झोपू द्या, चार माणसांत बसवा, डोक्याला नवीन काम द्या. गोळ्या लिहून दिल्या. मग म्हणाले, "हे मागे फिरणार नाही. वेग कमी करता येतो." मी त्यातलं "करता येतो" तेवढं धरलं.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "घराला कुलूप लावतो. आईला पुण्याला नेतो."

अक्का तिथेच बसली होती. म्हणाली, "मी नही येवाव. माले मना घर जानं शे."

तिला तिच्या घरी राहायचं होतं. ओटा, तुळस, मागची विहीर, गल्लीतल्या बायका. दुसरं काही ती मागत नव्हती. मी मुलाला म्हटलं, "अखाजीपर्यंत माझ्याकडे ठेव. मी तिला तयार करते. अखाजीला आपण सगळे शिंदखेड्याला जाऊ. ती तिथे नीट वागली, सण तिनं नीट पार पाडला, तर तिला तिच्या घरी राहू द्यायचं. मी दर आठवड्याला जाईन."

"मावशी, तुझ्या टायपिंगच्या पोरींत आणि माझ्या आईत फरक आहे."

"आहे ना. पोरी लक्ष देत नाहीत."

तो कंटाळून हो म्हणाला. अखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तिला तीन महिने होते.

दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. सकाळी फिरायला. जाताना मी पुढे, येताना ती पुढे. रोज वेगळी गल्ली, आणि घर तिनं शोधायचं. पहिल्या आठवड्यात ती कोपऱ्यावर थांबून माझ्याकडे बघायची, मी मुद्दाम रिक्षा बघत उभी राहायची. मग तिनं खुणा धरल्या. निळ्या टाकीचं घर, लोखंडी जिन्याचं घर, भुंकणाऱ्या कुत्र्याचं घर. कुत्रा एक दिवस नव्हता तर आम्ही पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. "कुत्रा कथा गया?" हेच ती विचारत राहिली, जणू चूक त्याची होती.

भाजीवाल्याकडे कागद न्यायचा नाही. काय काय आणायचं ते घरून पाठ करून निघायचं. मेथी, वांगी, आलं. मी तिला चित्र करायला शिकवलं: वांग्याच्या डोक्यावर मेथीची वेणी, वेणीत आलं. तिला ते फार आवडलं. भाजीवाल्याला म्हणाली, "भाऊ, वेणी दे." तो गडबडला. मेथी मात्र आली.

केस डाव्या हातानं विंचरायचे, हा माझा आणखी एक नियम. तो तिला पटला नाही.

"डावा हात कसाले? उजवा काय मरी गया का?"

"डोक्याला व्यायाम होतो."

"डोकाले व्यायाम पायजे तर डोकं हालाडू ना." तिनं डोकं गदागदा हलवून दाखवलं. क्लासच्या मुली खोखो हसल्या. मी त्यांना मशीनकडे बघायला सांगितलं.

नवीन काहीतरी शिकवा, असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्याकडे नवीन म्हणजे कीबोर्ड. दुपारच्या बॅचमध्ये शेवटच्या टेबलावर मी अक्काला बसवलं. ती सातवी शिकलेली, अक्षर ओळखीचं. बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. ती प्रत्येक बटण दाबून पडद्याकडे बघायची, अक्षर उमटलं की माझ्याकडे. एका मुलीनं म्हटलं, "अक्का, आमच्या आधी तुम्हीच परीक्षा पास होणार." अक्का म्हणाली, "मंग नोकरी बी मीच करसू. तुम्ही लगीन करा." पंधरवड्यात ती स्वतःचं नाव न चुकता टाइप करायला लागली. मी त्याची प्रिंट काढली आणि मुलाला फोनवर पाठवली. त्यानं अंगठा पाठवला.

खरी कमाल पत्त्यांत होती. आमच्याकडे अखाजीला उघड पत्ते खेळतात, त्या दिवशी कोणी कोणाला बोलत नाही. अक्का मात्र बारा महिने खेळायची, आणि मेंढीकोटमध्ये तिला कोणी हरवलेलं मला आठवत नाही. त्यात चार दश्श्या गोळा करायच्या असतात. कोणती दश्शी गेली, कोणता हुकूम कोणाच्या हातात उरला, हे ध्यानात राहिलं तर डाव आपला. जेवणं झाली की दोन शेजारणी यायच्या, अक्का आणि मी एका बाजूला. समोरच्या काकूंनी एकदा वैतागून विचारलं, "अक्का, पत्त्यांवर खुणा केल्यात का तुम्ही?"

"खुना पत्तावर नही, तुमना तोंडवर शेतस."

सकाळी काय खाल्लं ते तिला सांगता यायचं नाही, पण डाव संपेपर्यंत एकेक पान तिच्या डोक्यात असायचं. मी ते बघायची आणि वाटायचं, बाईचं डोकं शाबूत आहे, नुसतं धूळ बसली आहे. आमचे हे रोज पाचोऱ्याला नोकरीला जाऊन-येऊन करतात, बोलणं कमी. एक दिवस जेवताना म्हणाले, "पत्ते जुने आहेत गं. जुनं राहतंच." मी त्यांना आमटी वाढली आणि विषय बदलला.

संध्याकाळी गच्चीवर नावांचा सराव. याचं कारण अखाजी. त्या दिवशी आमच्याकडे पितरांसाठी घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि मग आगारी टाकतात. म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर तुपात भिजवलेला पुरणपोळीचा घास टाकायचा, घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेऊन. घास घरातला पुरुष टाकतो. पण नावं त्याला कुठे ठाऊक असतात? आजोबांच्या मागे कोणी होतं हेच त्याच्या गावी नसतं. नावं बायका सांगतात. त्या घरात ती अक्का सांगायची, सासूकडून शिकलेली. मुलगा सण बघायला येणार होता म्हणजे मुख्यतः हेच बघायला येणार होता. आई नावं नीट सांगते का.

मी तिला एक साखळी करून दिली. घरातली सगळी माणसं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, जन्माच्या क्रमानं. सासऱ्यांचे आजोबा, आजी, सासऱ्यांचे वडील, आई, काका, सासरे, सासू, थोरले दीर. मग तिचा नवरा. त्याचं नाव ती घेत नाही, तिथे ती पदर सावरते आणि "हाई" म्हणते. मग ती स्वतः, म्हणजे अक्का. मग माझं नाव. शेवटी मुलगा. क्रम धरला की एक नाव दुसऱ्याला ओढत आणतं. टायपिंगमध्ये तसंच असतं, एका अक्षराचं बोट पुढच्या अक्षराला बोलावतं. जिवंत माणसं यात घेऊ नयेत असं मला वाटलं नाही. मला तिची सगळी माणसं तिच्या डोक्यात एका ओळीत उभी करायची होती.

आधी ती अडायची. मग आठवड्यातून दोनदा-तीनदा पूर्ण व्हायची. अखाजीच्या आधी रोज. शेवटचं नाव घेतलं की विचारायची, "व्हयनं ना? मंग घर कव्हय जाऊत?"

अखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही पॅसेंजरनं शिंदखेड्याला गेलो. ऊन भाजून काढत होतं, डब्यात लोखंडाला हात लावता येत नव्हता. अक्का खिडकीशी बसून एकेका स्टेशनाचं नाव वाचत होती, मोठ्यानं, बरोबर. मी मनात मार्क देत होते. घरी पोचल्यावर तिनं कुलूप उघडलं, झाडू शोधला, ओटा झाडला. तुळशीला पाणी घातलं. शेजारणी आल्या, तिला मिठी मारली, तीही हसली. मला वाटलं, जिंकलो.

दिवेलागणीला ती पिशवी हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"चाल वं. घर जाऊत."

"हेच घर आहे, अक्का."

तिनं आत वळून बघितलं. चूल, फळी, कोनाडा. "हां," म्हणाली, नम्रपणे, एखाद्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर म्हणतात तसं. थोड्या वेळानं पुन्हा पिशवी. मी ती पिशवी माळ्यावर टाकली. मुलगा आणि सून रात्री मोटारीनं पोचले तेव्हा ती झोपली होती. कशी आहे विचारलं. मी म्हटलं, मजेत आहे, स्टेशनं वाचत आली.

अखाजीला सकाळपासून घरात धांदल. सुनेनं पुरण वाटलं, मी पोळ्या लाटल्या, आंब्याचा रस काढला. अक्काला आम्ही घागर भरायला बसवलं. तिनं घागर पुसली, पाणी भरलं, वर डांगर ठेवलं, दोरा गुंडाळला. कोणी सांगितलं नाही, हात आपोआप चालले. मुलगा दाराला टेकून बघत होता. माझ्याकडे बघून त्यानं मान डोलावली. मी भिंतीकडे बघितलं, कारण चेहऱ्यावर काय असेल ते मला त्याला दाखवायचं नव्हतं.

मग आगारी. घमेल्यात निखारे फुलवले. मुलगा पाटावर बसला, त्याच्या हातात तुपाची वाटी आणि घासांची ताटली. अक्का त्याच्या बाजूला. मी समोर. सून आणि शेजारची एक म्हातारी मागे उभ्या.

अक्कानं सासऱ्यांच्या आजोबांचं नाव घेतलं. घास पडला, चर्र झालं, धूर वर गेला. आजीचं नाव. सासऱ्यांच्या वडिलांचं, आईचं, काकांचं. सासऱ्यांचं, सासूचं. थोरल्या दिरांचं. एक अडखळ नाही. मग तिनं पदर सावरला आणि "हाई" म्हणाली. मुलानं बापाच्या नावानं घास टाकला आणि हात जोडले. झालं होतं.

तेवढ्यात अक्कानं माझं नाव घेतलं.

मुलाच्या हातात एक घास उरला होता, तो हातातच राहिला. मागून सून "अगं बाई" म्हणाली. म्हातारी पुटपुटायला लागली, जित्या माणसाचं नाव, पाणी ओवाळा, पाणी ओवाळा.

मी घाईनं म्हटलं, "माझ्यामुळे झालं ते. मीच तिला जन्माच्या क्रमानं सगळी नावं पाठ करून दिली, जिवंत माणसांचीही. पुढचं नाव आपोआप तोंडात आलं, सरावानं. बाकी सगळं बरोबर सांगितलं ना तिनं?"

मुलगा निखाऱ्यांकडे बघत होता. "क्रमानं आलं तर मधे तिचं स्वतःचं नाव यायला पाहिजे होतं, मावशी. ते तिनं सोडलं." मग त्यानं अक्काला विचारलं, फार हळू, "आई, मावशी तर ही समोर बसली आहे ना?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. नीट, डोळे बारीक करून, अनोळखी माणसाला बघतात तसं नव्हे. ओळखीच्या बाईला बघावं तसं.

"हाई बाई चांगली शे," ती म्हणाली. "रोज माले फिरायले लई जास." मग त्याला समजावून सांगावं तसं, "मनी धाकली बहीण व्हती. इतलीशी. गयी ती."

निखाऱ्यांचा ताव माझ्या तोंडावर येत होता. मला सगळ्यात आधी आठवलं ते गच्चीवरचं. रोज संध्याकाळी ती माझं नाव घेत होती, माझ्याकडे बघून, आणि मी पूर्ण मार्क देत होते.

"टाक ना," अक्का मुलाला म्हणाली. "शेवटनी तीच शे. भूकी ऱ्हायी ती."

त्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी मारामारी करून झाल्यावर बघायचा तसा. मी म्हटलं, "टाक. तूप सांडतंय."

त्यानं टाकला. घास जळेपर्यंत अक्का हात जोडून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही. नंतर आम्ही सगळे जेवलो. तिनं मला आग्रह करून रस वाढला. "घ्या ना, लाजू नका," म्हणाली.

दुपारी भांडी घासून झाल्यावर मुलगा मागच्या ओट्यावर आला. मी तयारी करून बसले होते. म्हटलं, "घरी राहणं जमणार नाही, मान्य. पण माझ्याकडे राहू दे. मला ओळखत नाही तर नाही ओळखत. फिरायला येते ना माझ्याबरोबर."

"आणि तू रोज तिला शिकवणार, की तू कोण आहेस."

मी घासलेली भांडी टोपलीत पालथी घालायला लागले.

"तू गप्प बसणार नाहीस, मावशी. तुझा स्वभाव नाही. तिला ते कळणार नाही आणि तू झिजशील." मग म्हणाला, "तिला मी हवा आहे असंही नाही. पण मी तिचा मुलगा आहे हे तिला अजून माहीत आहे. आहे तोवर माझ्याकडे असू दे."

दुसऱ्या दिवशी घर आवरलं. पिठं, डाळी शेजारणींना वाटल्या. घराला कुलूप लागलं तेव्हा अक्का मोटारीत बसून काचेतून बघत होती. ओरडली नाही, नको म्हणाली नाही. तिच्या घरासाठी मी तीन महिने धावत होते, आणि त्या घराला कुलूप लागताना हळहळणारी एकटी मीच होते.

क्लासच्या मुली विचारतात, मॅडम, मग त्या सगळ्याचा उपयोग काय झाला? मी सांगते, झाला. ते तीन महिने अक्का हसली, भांडली, भाजीवाल्याला वेणी मागितली, शेजारणींवर कोट लावले. पुण्यातले डॉक्टरही म्हणाले की चालणं आणि पत्ते सोडू नका. सून तिला रोज संध्याकाळी बागेत नेते. मी स्वतः सगळं करते. वेगळ्या गल्लीनं जाते, सामान पाठ करून आणते, डाव्या हातानं केस विंचरते. आमच्या आईचं काय झालं असतं कोणाला माहीत, ती तेवढी जगली नाही. पण अक्का माझी सख्खी बहीण आहे, आणि मला पन्नाशी उलटून गेली आहे. मुलींनाही मी मोबाइलमधले नंबर पाठ करायला लावते. त्या कुरकुरतात.

रविवारी मुलगा फोन लावून देतो. पडद्यावर अक्का दिसते, तेल लावलेले केस, कपाळावर ठसठशीत कुंकू, कारण नवरा गेल्याचंही आता अधूनमधून निसटतं आणि सून तिला अडवत नाही. मी कोण ते मी सांगत नाही. मुलाचा अंदाज एवढा एक चुकला. मला ती जळगावची बाई म्हणते, आणि जळगावच्या बाईशी ती खूप बोलते. पूर्वी बहिणीशी बोलायची नाही इतकं.

गेल्या रविवारी ती बहिणीबद्दल सांगत होती. आणली तेव्हा ती पोर रात्री आईला शोधायची. उठून अंधारात दारापर्यंत जायची. मग अक्कानं तिचा पाय स्वतःच्या लुगड्याच्या पदराला बांधून झोपायला सुरुवात केली. सासू हसायची, शेळी बांधस का म्हणायची. पोर उठली की पदर ओढला जायचा आणि अक्का जागी व्हायची.

हे मला माहीत नव्हतं. कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. मोठी व्हयनी. शाळामा हुशार व्हती." ती थांबली, काहीतरी शोधत राहिली, मग तिनं हात उताणे केले. "मंग गयी."

"वाईट झालं," मी म्हटलं.

"हां वं बाई," अक्का म्हणाली. "चांगली व्हती पोर."